कोरिनचा हिरवा डूल

डूल पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे पडला होता. चादर बदलताना व्हर्नाच्या बोटांना काहीतरी गार लागलं. तिने ते ओढून काढलं आणि तशीच पलंगाच्या कडेवर बसली.

ओळखायला वेळ लागला नाही. हॉलिवूडमध्ये कुणालाच लागला नसता. थेंबासारखी लांबट हिरवी काच, वर बारीक खड्यांची फुली. चित्रपट अजून पुरा व्हायचा होता, पण पोस्टरं लागली होती आणि त्यांवर नायिकेच्या तोंडापेक्षा हे डूलच मोठे होते. गोष्टच तशी होती. नायिका एक डूल विसरून जाते आणि नायक त्यावरून तिला शहरभर शोधतो. बायका आत्तापासून दुकानांत तसले डूल मागत होत्या आणि दुकानदार हात हलवत त्यांना परत पाठवत होते.

पडद्यावर हे डूल कोरिन व्हेलच्या कानांत होते. कोरिनचे कान सांभाळणं हे व्हर्नाचं काम. केसांची बट कानामागे होती की पुढे, हातमोजा कुठल्या हातात होता, आधीच्या शॉटशी पुढचा जुळतो की नाही, हे ती डोळ्यांत तेल घालून बघायची. कॅमेऱ्याला दिसेल ते तिच्या नजरेतून सुटत नसे. जे कॅमेऱ्याला दिसणार नाही त्याकडे ती ढुंकूनही बघत नसे. तेवढी फुरसत होती कुणाला?

शनिवारी ती आईला भेटायला फ्रेज्नोला गेली होती. नवरा घरीच राहिला. मेरिट त्याच चित्रपटात साहाय्यक दिग्दर्शक होता. सोमवारच्या क्लोजअपची तयारी करायचीय, म्हणाला होता.

केली म्हणायची तयारी. आता व्हर्नाला एकेक आठवायला लागलं. कोरिनला कॉफी नेऊन देतो मेरिट. उन्हात तिच्यावर छत्री धरतो मेरिट. साहाय्यक दिग्दर्शकाला हे सगळं करावंच लागतं, हे तिला कळत होतं. पण त्या दुपारी ते तिला पटेना.

मेरिट टेनिस खेळायला गेला होता. तिने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं.

लॉटी दोन गल्ल्या सोडून राहायची. व्हर्नानेच तिला स्टुडिओत चिकटवून दिलं होतं. दिवे जुळवायला फार वेळ लागतो आणि तोवर नटी काही उभी राहत नाही. तिच्या उंचीची, तिच्यासारख्याच केसांची एखादी मुलगी तिच्यासारखाच साज चढवून तिच्या जागी उभी करतात. लॉटी कोरिनच्या जागी घामाघूम होत उभी राहायची. दिवे जुळले की हिला बाजूला हो म्हणायचे.

डूल स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. लॉटीने तो पाहिला आणि ती खुर्ची ओढून बसली.

"कुठे मिळाला?"

"पलंगामागे. माझ्या पलंगामागे."

"मेरिटला विचारलंस?"

"त्याला कशाला विचारू? तोंड वर करून खोटं बोलेल."

लॉटी समोरची थंड झालेली कॉफीच प्यायली. "ताई, दे माझ्याकडे. उद्या सकाळी मी हळूच ठेवून देते. कुणाला पत्ता लागणार नाही."

"का? त्या भवानीची अब्रू झाकायला?"

"तिची नाही गं, तुझी. तमाशा केलास तर तिला कोण काढणार आहे? तुलाच घरी बसवतील."

"बसवू देत. नवरा तर गेलाच माझा. पण गप्प बसून नाही घालवणार मी त्याला."

लॉटीने पुन्हा पुन्हा समजावलं, गळ्यात पडली, नको म्हणाली. व्हर्नाला गहिवरून आलं. आपलं म्हणावं असं एवढं एकच माणूस उरलंय, असं तिला मनापासून वाटलं. पण डूल तिने दिला नाही. लॉटी गेल्यावर तिने मिसेस बॅस्कमना फोन केला. ही बाई वर्तमानपत्रात नटनट्यांच्या भानगडी लिहायची. उद्या सेटवर या, एवढंच व्हर्नाने सांगितलं. बाई नाही म्हणणार नव्हतीच.

सोमवारी सगळे जमले होते. आरशासमोरचा प्रसंग होता. लॉटी कोरिनच्या जागी आरशापुढे बसली होती आणि माणसं शिडीवर चढून दिवे हलवत होती. दिग्दर्शक पाइप चावत होता. मेरिट कुणावर तरी खेकसत होता. मिसेस बॅस्कम खास खुर्चीत, पेन्सिल काढून.

कोरिन आली. केस विस्कटू नयेत म्हणून रुमाल डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधलेला.

व्हर्ना आडवी गेली. आवाज खणखणीत होता.

"मॅडम, तुमचा डूल. शनिवारी आमच्याकडे विसरलात."

शिडीवरची माणसं थांबली. मेरिटचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाहून व्हर्नाला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

"तुमच्याकडे?" कोरिन म्हणाली. "मी तुमचं घरसुद्धा पाहिलेलं नाही."

"पाहिलंय की! पलंग तर नीटच पाहिलाय. तिथेच मिळाला हा, पलंगामागे." ती मिसेस बॅस्कमकडे वळली. "लिहून घ्या बाई, एक अक्षर सोडू नका."

कोरिन संतापली नाही. तिने हनुवटीखालची गाठ सावकाश सोडली आणि रुमाल काढला. दोन्ही कानांत हिरवे डूल हलत होते.

मग तिने व्हर्नाच्या हातातला डूल उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि आरशापुढे बसलेल्या मुलीला मोठ्याने हाक मारली.

"लॉटी, सकाळपासून शोधतेयस ना, तो सापडला बघ. तुझ्या ताईच्या पलंगामागे होता."