दुसरा याकोब

“आबा, तिकडं नाही. तुम्ही इकडं, शेवटी,” पाळकसाहेब म्हणाले, आणि रुपचंदआबांचा चेहरा पडला.

नाताळच्या आधीच्या रविवारी सोनगीरच्या या छोट्या ख्रिस्ती मंडळीत येशूची वंशावळ उभी करायची रीत होती. अब्राहामापासून सगळे पूर्वज ओळीनं उभे राहत. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि आपण काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. माणसं कमी पडत, म्हणून कुणी एकटाच यादीतले तीन राजे होई. यादीत आपल्यापुढं ‘याकोब’ वाचल्यापासून आबा आठवडाभर हवेत होते. बारा वंशांचा बाप! अब्राहामापासून तिसरा मान! कोरा सदरा घालून, मिशीला तेल लावून आले होते.

“हा दुसरा याकोब, आबा. योसेफाचे वडील. मंडळीतलं सगळ्यात लहान बाळ ज्या घरचं, त्या घराकडं शेवटची नावं जातात. दरवर्षीचंच आहे.”

म्हणजे योसेफ त्यांचा मुलगा प्रेमराज, मरिया सून दिपमाला, आणि तिच्या कडेवर ते बाळ.

ते बाळ हेच तर दुखणं होतं. लग्नाला अकरा वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, तेव्हा दोघांनी जळगावच्या एका संस्थेतून चार महिन्यांचा मुलगा दत्तक आणला. आबांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, “हाऊ पोऱ्या मना रगतना नही. मना घराणानं नाव त्याले लावू नका.” नाताळला बाळाचा बाप्तिस्मा होता. नाव लागणार नसेल तर त्यानंतर आम्ही जळगावला बिऱ्हाड हलवू, असं प्रेमराजनं आज सकाळीच ऐकवलं होतं. आबा तोऱ्यात ‘जा’ म्हणाले खरे, पण तेव्हापासून तो शब्द त्यांनाच टोचत होता.

“ह्या याकोबनी काय कयं?” त्यांनी कुरकुरत विचारलं.

“काहीच लिहिलेलं नाही. योसेफ त्याचा मुलगा, एवढंच.”

वंशावळ सुरू झाली. अब्राहामानं देश सोडला. दाविदानं गल्याथाला लोळवलं. शलमोनानं मंदिर बांधलं. मग नुसतीच नावं येऊ लागली. मला अमका झाला, मला तमका झाला. आबांना ती यादी लहानपणापासून तोंडपाठ होती. पण शेवटी उभं राहून ऐकताना ती पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर आली. एवढ्या पिढ्या मोजत मोजत यादी येते ती मरियेच्या नवऱ्यापाशी, योसेफापाशी, आणि बाळ येशू तर त्याच्या रक्ताचा नाही! हे संडे स्कूलच्या पोरालाही ठाऊक असतं. तरी दाविदाचं घराणं त्याला लागलं ते याच घरातून. त्या घराला एक म्हाताराही होता, हा दुसरा याकोब. त्याच्यावर कुणी कधी प्रवचन केलं नव्हतं. त्यानं दारात आडवा पाय घातला असता तर?

आबांनी शेजारी पाहिलं. दिपमालाच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

“आबा, तुमनी पाळी,” याकोबाचा बाप मत्तान झालेल्या लोटन मास्तरांनी कोपरानं ढोसलं.

आबा एक पाऊल पुढं आले.

“मी याकोब. मी काहीच मोठं कयं नही. फक्त नातूले परका म्हनं नही.”