खिडकीवरची सही

अमेरिकेतल्या नॉरफोक बंदरात उभ्या असलेल्या युद्धनौकेची हत्यारं डेलिया प्रुइट सांभाळायची. नौकेचे कॅप्टन हॅस्केल पाहुण्यांना घेऊन शस्त्रागाराच्या खिडकीशी आले आणि नेमबाजीसाठी त्यांनी पिस्तूल मागितलं. शिकवल्याप्रमाणे तिने आधी हत्यार परवान्यांची यादी पाहिली.

“सर, तुमच्या परवान्याची मुदत कालच संपली. आधी परीक्षा द्या, मग पिस्तूल.”

पाहुणे हसले. कॅप्टनचे कान लाल झाले. “मी कोण आहे, ठाऊक आहे ना?”

“देऊन टाक की पोरी,” मागून तिचे वरिष्ठ, चीफ ओडम, कुजबुजले. “बढती घालवशील!”

डेलियाने खिडकीवर चिकटवलेल्या हुकुमावर बोट ठेवलं. ‘परवान्याची मुदत संपलेल्या कोणालाही हत्यार दिल्यास देणाऱ्याची गय केली जाणार नाही.’ खाली ठसठशीत सही होती, हॅस्केल यांचीच.

 

“चांगलं ठाऊक आहे, सर. तुम्हाला पिस्तूल दिलं, तर तुम्ही मला सोडणार नाही!”