लिमयांच्या बागेतला बिनतारी ट्रक

राहीने डबा ट्रकच्या पायरीवर ठेवला आणि हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. पुन्हा मारली, तरी नाही. शेवटी ती वर चढली. तिचा बाप भागोजी कानांना हेडफोन लावून बिनतारी यंत्रासमोर बसला होता. डोळे मिटलेले, ओठ मात्र हलत होते.

तिने खांद्याला हात लावला, तसा तो दचकला.

"कोणाशी बोलताव, बाबा?"

भागोजीने हेडफोन उतरवला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. "डबा आणलास? बरं केलंस," तो म्हणाला.

ट्रक दत्तात्रेय लिमयांचा होता. भाट्ये गावाच्या वरच्या अंगाला त्यांची आंब्याच्या कलमांची बाग, आणि जुन्या यंत्रांचं भारी वेड. लष्कराच्या लिलावातून त्यांनी हा ट्रक उचलला. पासष्टच्या लढाईत तो सीमेवर होता म्हणत. त्याच्यातच दोन जवान गेले, असंही म्हणत. लष्कराच्या सिग्नल्समध्ये उमेदीची वर्षं घालवलेला भागोजी नेमका त्याच सुमारास मुंबईतली वॉचमनची नोकरी सोडून गावी आला होता. का सोडली ते त्याने कोणाला सांगितलं नाही. लिमयांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी ट्रक त्याच्या हवाली केला.

पावसाळाभर तो बागेतल्या मांगरात, अवजारांच्या छपराखाली, खपला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, मुंबईहून जुने व्हॉल्व्ह मागवले, गंज खरवडून पत्र्याला पुन्हा लष्करी हिरवा रंग दिला. इंजिन सुरू झालं त्या दिवशी भाऊंनी टाळ्या वाजवल्या. भागोजीने बॉनेटवर दोन्ही तळवे टेकले आणि बराच वेळ तिथून हलला नाही.

मग तो तिथेच राहायला लागला. घरी चला म्हटलं तर म्हणे, सेटपाशी कोणीतरी हवं.

"तुझ्या बापाला त्या गाडीनं धरलाय," बागेत कामाला येणारी सखू राहीला म्हणाली. "मागून कितीबी हाका मार, वळायचा नाय. परवा पाठीशी नारळ आदळला, मान फिरवली नाय. त्याला आतल्या मेलेल्यांचं ऐकू येतंय गो. आपलं नाय."

राहीने तिला गप्प केलं. पण त्या दिवसापासून डबा घेऊन बागेची घाटी चढताना तिचे पाय जड व्हायचे. मांगराच्या काळोखात तो हिरवा पत्रा दिसला की ती आधी बाहेरूनच आत डोकावून पाहायची.

तिचा नवरा शिवा ट्रॉलरवर खलाशी होता. त्याच ट्रॉलरवर भागोजीने एक लहान सेट बसवून दिला होता. परवान्याचं भाऊंनी पाहिलं. शिवा समुद्रातून बोलायचा, भागोजी बागेतून.

"बाबांचं काही वेगळं वाटतं का रे तुला?" तिने एकदा शिवाला विचारलं.

"मामा सुरू झाले की थांबत नाहीत," शिवा म्हणाला. "मी मासळीचं विचारतो, ते वाऱ्याचं सांगतात. पण भरसमुद्रात आपल्या माणसाचा आवाज आला की बरं वाटतं. राहू दे त्यांना तिथं."

राहीला ते पटलं नाही. भाऊ मुंबईला गेले होते. ते परतले की बापाला त्या ट्रकमधून बाहेर काढा म्हणून त्यांच्या पाया पडायचं, असं तिने ठरवलं.

भाऊ यायच्या आतच समुद्र बिघडला. ऑक्टोबर सरत आला होता. भर दुपारी क्षितिज शाईसारखं झालं आणि माड जमिनीला टेकायला लागले. ट्रॉलर एकेक करून बंदरात शिरले. शिवाचा आला नाही.

अशा समुद्रात जाऊ शकेल अशी मोठी लाँच होती ती दादू तांडेलाची. तो राहीबरोबर बागेत चढून आला. "सेटवर काय कळतं ते बघू," तो म्हणाला. "गरज असेल तर आत्ता निघतो. पण या वाऱ्यात उगाच माझी माणसं नाय घालणार."

भागोजी यंत्रासमोर बसला होता. दिवा लागलेला होता आणि काचेमागचा काटा सारखा उसळत होता. राही त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"शिवा बोलला?"

"बोलतोय की. मघापासून बोलतोय."

"काय म्हणतो?" दादूने मागून विचारलं. भागोजीने लक्ष दिलं नाही. राहीने तेच पुन्हा विचारलं.

"मी त्याला सांगितलं, जयगडच्या खाडीत शिर. शिरलाय. सुखरूप हाय. वारा पडला की येईल."

दादूने मोठा श्वास सोडला. "मग नांगर काढत नाय मी. बंदरात बायका थांबल्यात, त्यांना सांगतो." डोक्यावर गोणपाट घेऊन तो घाटी उतरून गेला.

राही तिथेच लाकडी पेटीवर बसली. या ट्रकबद्दल आपण मनात काय काय आणलं, याची तिला लाज वाटली. याच पत्र्याच्या खोक्याने आज तिचं कुंकू राखलं होतं.

"मला ऐकू दे ना त्याचा आवाज," ती म्हणाली. भागोजी यंत्राकडे वळला होता. त्याचं लक्ष काट्यावर होतं.

आवाज हेडफोनमधून स्पीकरवर कसा घ्यायचा, ते भाऊंनी मागे एकदा तिला दाखवलं होतं. तिने बापाच्या खांद्यावरून हात लांबवला आणि खटका दाबला.

सगळा ट्रक दणाणला.

"मामा, ऐका हो! इंजिन बंद पडलंय, आत पाणी भरतंय. आरे-वारेच्या खडकांकडे ओढले जातोय. दादूला लाँच घेऊन पाठवा. मामा, कधीपासून सांगतोय, ऐकताय ना?"

शब्दागणिक काटा उसळत होता. भागोजी त्या आवाजाने दचकला नाही, काट्यावरून त्याने नजरही हलवली नाही. तो समाधानाने हसला.

"बघ," तो म्हणाला, "अजून बोलतोय."