एक्केचाळीस पालिकांचा आवाज

“ताई, कायदाच तसा आहे,” संयुक्त खरेदी मंडळाच्या सचिव खानविलकरबाई म्हणाल्या. “मंडळ ज्याच्याकडून खरेदी करतं, त्याच्या घरच्यांना त्या खरेदीचा लाभ मिळता कामा नये. एक्केचाळीस पालिकांनी मिळून केलेला नियम. मी एकटी कसा बदलू?”

वृंदाने किरकिरणाऱ्या जुईला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. उद्यापासून पुन्हा पंधरा दिवस समुद्रातल्या शेवाळशेतीवर तिची पाळी होती. पाळणाघरांतल्या पाळण्यांसाठी आईचा आवाज हवा, अशी निविदा निघाली, तेव्हा आपल्यामागे लेकीला आपला आवाज ऐकू यावा एवढ्याचसाठी तिने ती भरली होती. आवाज निवडलाही गेला. आता सगळीकडचे पाळणे तिच्या आवाजात बाळांना नावाने हाका मारत, गात. मुका होता तो फक्त जुईचा पाळणा.

“मग माझा आवाज मला परत द्या.”

“करार तीन वर्षांचा आहे हो.”

“तोवर ही चार वर्षांची होईल, बाई! तेव्हा कुठला पाळणा नि काय!”

तेवढ्यात शेजारच्या पाळणाघरात कुणाचं तरी बाळ रडलं, आणि तिथला पाळणा वृंदाच्या आवाजात गाऊ लागला. जुईची किरकिर थांबली. तिने आईच्या खांद्यावरून मान उचलली आणि उघड्या दाराकडे दोन्ही हात पसरले.

खानविलकरबाई दार लावायला उठल्या. वृंदा काहीच बोलली नाही; आपण मध्ये बोललो तर जुईला ते गाणं नीट ऐकू यायचं नाही, असं तिला वाटलं.

कडीवर हात ठेवून बाई गाणं संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.