डिकीवरचा लाल

डिकीवर ‘शालू’ पुन्हा उमटली, तेव्हा मथुराबाई गाडीची धुतलेली सीट कव्हरं दोरीवर टाकत होत्या. जयसिंगचा हात थांबलेला त्यांनी पाहिला आणि त्या लेकाजवळ गेल्या. रबिंग कंपाउंड लावून त्यानं डिकी जितकी घासली, तितकी ती दोन अक्षरं ठळक होत गेली होती. भोवतालचा पत्रा उन्हानं विटून गुलाबी पडलेला आणि अक्षरं तेवढी लालभडक.

हे व्हायचंच होतं. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा हिंदुरावांनी हौसेनं मागं रेडियमच्या पट्टीत लेकीचं नाव टाकून घेतलं होतं. पुढं कितीतरी वर्षं गाडी मांजरी गावच्या उन्हात विटत गेली, पण रेडियमखालच्या रंगाला ऊन म्हणून लागलं नाही. मग शालूनं ऑफिसातल्या एका मुलाशी परस्पर कोर्टात लग्न केलं आणि खराडीला संसार थाटला. हिंदुरावांनी त्याच दिवशी रेडियम सोलून काढलं, गाडी गोठ्यात ढकलली आणि वरून ताडपत्री टाकली. नाव गेलं असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं धुळीनं त्यांची ती समजूत जपली.

आता जयसिंगचं लग्न तोंडावर आलं होतं. सून भाड्याच्या गाडीतून दारात उतरलेली हिंदुरावांना चालणार नव्हती. “घरची गाडी असताना भाड्याची कशाला?” असं ते पाहुण्यांना ऐटीत सांगत होते, जणू गोठ्यात सांगाडा नव्हे, कालच आणलेली गाडी उभी आहे. ऐट त्यांची आणि कष्ट मायलेकांचे. उंदरांनी सीटखाली संसार मांडलेला, छताच्या कापडाला बुरशी, पायाखालच्या मॅट कुजट वासाच्या. मथुराबाईंनी सोड्याच्या पाण्यानं सगळं पुसून काढलं आणि दारांच्या खाचांतली माती दात घासायच्या जुन्या ब्रशनं उकरली.

पण त्या राबत होत्या ते गाडीसाठी नव्हे. नवऱ्यानं आपल्या हातानं ताडपत्री काढली, म्हणजे मनातलंही काही सुटेल, अशी त्यांना आशा लागली होती. लग्नात नवरदेवाच्या मागं करा घेऊन उभी राहते ती करवली, आणि सख्खी बहीण असताना तो मान दुसऱ्या कुणाचा नसतो. हिंदुरावांनी मात्र तो पुतणीला देऊन टाकला होता. मथुराबाईंनी एकदा विषय काढून पाहिला, तर ते भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून त्यांनी तो विषय पुन्हा काढला नव्हता.

हिंदुराव चहा पिऊन अंगणात आले आणि डिकीसमोर थबकले.

“ह्ये कसं काय आलं?”

“आलं नाही आबा, गेलंच नव्हतं,” जयसिंग म्हणाला.

हिंदुरावांचा चेहरा बदलला. बादलीत भिजत पडलेला पॉलिश पेपर त्यांनी उचलला. “पाव्हण्यांनी वाचायच्या आत घासून काढतो.”

“काढा की. तसंही सगळ्या गाडीला रंग मारावा लागणार. बॉनेट आणि वरचा टप पॉलिशनं येत नाहीत, पार गेलेत. फक्त शेड जुळवायला दुकानदार सँपल मागतोय. ते कुठून द्यायचं तेवढं सांगा.”

“पेट्रोलच्या झाकणावरनं दे.”

“तेही गुलाबी झालंय.”

“मग दाराच्या आतनं दे.”

“आत पांढरा आहे. कंपनीचा. लाल तुम्ही बाहेरून मारून घेतलेला.” जयसिंगनं दोन अक्षरांवर बोट ठेवलं. “तुम्ही आणलेला लाल एवढाच उरलाय. हा घासलात, की मग दुकानदार देईल तो लाल.”

तो लाल कुठून आला होता, हे मथुराबाईंना पक्कं ठाऊक होतं. शालूच्या परकराचा तुकडा खिशात घालून हिंदुराव दुकानात गेले होते आणि तंतोतंत रंग जुळेपर्यंत त्यांनी दुकानदाराला डबे परत घ्यायला लावले होते. ते स्वतः हे विसरले असतील, असं काही त्यांना वाटेना.

हिंदुरावांनी पेपर अक्षरांवर टेकवला. पेपरातलं पाणी डिकीवरून ओघळून खाली आलं. हात काही हलला नाही. थोड्या वेळानं त्यांनी पेपर बादलीत टाकला आणि कुणाकडं न बघता ते घरात गेले. आता दोन दिवस अबोला, असं मनाशी म्हणत मथुराबाई पुन्हा कव्हरांकडं वळल्या.

हिंदुराव बाहेर आले ते इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून.

“दुकानापतुर चालंल का रं गाडी?”

“बॅटरी नवी टाकलीय, चालेल. पण मी मोबाइलवर फोटो काढून पाठवतो ना.”

“फोटूवरनं रंग जुळत नसतो. गाडीच न्यायची.” ते पुढच्या सीटवर बसले आणि मागं हात घालून त्यांनी मागचं दार उघडलं. “अगं, तूबी बस.”

“मी कशाला रंगाच्या दुकानात? आन् सीटं वली हायती अजून.”

“वाळत्याल खराडीपतुर,” हिंदुराव समोर बघत म्हणाले. “हळदकुकवाचा करंडा घे संगं. करवलीला फोनवरनं बोलवत्यात व्हय?”