खटका दोनवर

साडेनऊला ऑफिस उघडलं तेव्हा स्टोअरकीपर आवकच्या टेबलासमोर उभाच होता. हातात क्वार्टरचा अर्ज. रिकामं क्वार्टर एकच आणि मागणारे दोघे, तो आणि टायपिस्ट. नियम सरळ होता. ज्याच्या अर्जावर आधीचा नंबर, त्याला घर.

दोघंही चाळिशीला टेकलेले, दोघंही एकटे. त्याच्या खोलीचं छत गळायचं. तिचे रोज चार तास बसमध्ये जायचे. आठवडाभर दोघं त्या घरावरून असे भांडले होते की ऑफिसात पैजा लागल्या. मात्र भांडता भांडताच त्याने तिचं डुगडुगणारं टेबल ठीक करून दिलं होतं आणि तिने त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून दिलं होतं. आवकच्या मावशींच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं.

मावशींसमोर नंबर मारायचं जुनं लोखंडी यंत्र होतं. मूठ दाबली की खट्, आणि आकडा आपोआप पुढे सरकायचा. बाजूला एक खटका होता. तो दोनवर ठेवला की तोच आकडा दोनदा उमटायचा. एकदा मूळ कागदावर, एकदा त्याच्या प्रतीवर.

मावशींनी त्याचा अर्ज ओढला. त्याने तो दाबून धरला.

"थांबा. ती येऊ दे. तिच्यावर आधी मारा." वर, तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, असंही बजावलं.

तेवढ्यात टायपिस्ट धापा टाकत आली. त्याला पुढे पाहून ती आता भडकणार, म्हणून मागची रांग सावरून उभी राहिली. तिने आपला अर्ज गुपचूप त्याच्या अर्जाखाली सरकवला.

"यांचा आधी घ्या, मावशी. मला बसमध्ये छान झोप लागते."

झालं. आठवडाभराचं भांडण उलट्या बाजूने पुन्हा सुरू झालं. गळक्या छताखाली आपल्याला फार करमतं, इथपर्यंत त्याची मजल गेली. शिपाई घड्याळाकडे बोट दाखवू लागला.

मावशींनी चष्मा वर सरकवला, यंत्राच्या बाजूला बोट फिरवलं आणि दोन्ही अर्ज पुढ्यात ओढून लागोपाठ दोन ठोके मारले.

दोघं वाकून बघू लागले. ४४१७. आणि ४४१७.

"मावशी, दोघांना एकच नंबर? मग घर कोणाला?" टायपिस्टने विचारलं.

"चव्वेचाळीसशे सतराला." मावशींनी खटका परत एकवर आणला. "मूळ कोण आणि प्रत कोण, ते तिथे राहायला गेल्यावर ठरवा. चला, पुढचा अर्ज."