वादळाचा नियम

मावशीची बोट पुन्हा बुडाली. तिने फोन उशीवर उपडा टाकला आणि चष्मा काढला.

"हा आपला खेळ नाहीच," ती म्हणाली. "आपल्या खेळात मी निम्म्या वेळा तरी बंदराला लागायचे. ह्यात नुसतं बुडायचं. त्यासाठी फोन कशाला हवा?"

फोनमधला खेळ धाकटीने बनवला होता, वडिलांनी घरी केलेल्या जुन्या खेळावरून. परके लोक आठवडाभर हेच लिहीत होते, फक्त मावशीइतक्या गोडीने नाही. 'बोटी बुडवायच्याच होत्या तर बंदर कशाला काढलं?' असं एकाने विचारलं होतं. दुसऱ्याने एकच तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, 'हाही बुडेल.' ऑफिसात साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. खेळ सोपा कर, नाहीतर काढून टाकू. खेळ गेला की पहिल्या पडद्यावरचं वडिलांचं नावही जाणार, आणि सगळा खटाटोप तर त्या नावासाठीच होता. वडील जन्मभर सुतारकाम करत आले. त्यांनी बसवलेल्या दारांवर दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या.

म्हणून तिने रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं आणि हात धुतल्याबरोबर एकेकाच्या हातात फोन दिला होता. जुना खेळ ह्याच लोकांनी खेळलेला, तेव्हा चूक सापडली तर ह्यांनाच सापडेल.

जुना खेळ टेबलावर मांडलेला होता. प्लायवर रंगवलेला समुद्र, अलीकडे किनारा, पलीकडे बंदर, प्रत्येकाची एक लाकडी बोट. वडील स्वतः कधी बोट चालवत नसत, ते वादळ व्हायचे. गड्डी त्यांच्याच हातात. पत्ता उचलायचा, एकट्याने बघायचा आणि जाहीर करायचं: अमक्याला वारा, तमक्याला लाट, ह्याला वादळ. वारा आला की बोट पुढे, लाट आली की मागे, वादळ आलं की ती बोट तळाला.

"बाबा, सगळे पत्ते मी जसेच्या तसे फोनमध्ये घातलेत," धाकटी म्हणाली. "पण त्यात वादळंच वादळं आहेत. बोट पोचणार कशी? वादळ कधी थांबायचं, त्याचा काही नियम होता का?"

वडील तिच्याकडे बघत राहिले. "पत्ते मी कुठे बघत होतो?"

"म्हणजे?"

"तुमची तोंडं बघायचो. कुणी रडकुंडीला आलं की त्याला वारा द्यायचो. पत्त्यावर काही का असेना."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे मी जिंकायचे ते..."

"तू तर मोठी बाई असून रुसून बसायचीस. तुला बुडवून मी जेवलो कुठे असतो?"

सगळे पोट धरून हसले. धाकटीही हसली आणि मग थांबली. "आणि मी?"

"तू?" वडील म्हणाले. "तू कच्चा लिंबू."

ह्या खेळात आपण कधी हरलो नाही, असं तिने ऑफिसात चारचौघांत मिरवलं होतं. तिला वाईट वाटलं, अगदी लहान मुलीसारखं वाटलं. पण त्याच वेळी तिचा जीव भांड्यातही पडला. चूक सापडली होती. फोनला तोंड वाचता येणार नाही, पण कोण किती वेळा बुडालं हे तर कळेल. दोन-तीनदा बुडालेल्याला वाऱ्याने हात द्यायचा, बस्स. उद्या सकाळच्या आत होऊन जाईल.

"पण मग बुडायचं कोण?" मावशीने विचारलं. "कुणीतरी तर रोज बुडायचंच की."

"बुडवावंच लागायचं एकाला. नाहीतर खेळ कसला?" वडील अजून हसत होते.

खिडकीपाशी थोरला बसला होता. घरात त्याला घुम्या म्हणत. लग्न झालं, पोरं झाली, तरी नाव तेच राहिलं. बाकीच्यांनी केव्हाच फोन ठेवले होते. त्याचा खेळ चालूच होता. बोट बुडाली की तो मुकाट्याने किनाऱ्यावरून दुसरी सोडत होता.

"दादा, तू मूग गिळून बसू नकोस," धाकटी म्हणाली. "तुलाही अवघडच वाटला ना?"

"नाही," त्याने मान वर न करता सांगितलं. "छान केलायस. अगदी तसाच झालाय."

"तसाच कसा? आत्ता बाबा काय म्हणाले..."

बोलता बोलता ती अडखळली. मावशीने चष्मा उचलला आणि पदराने काचा पुसायला लागली. वडिलांचं हसू विरून गेलं. त्यांना एकामागून एक संध्याकाळ आठवत होती, आणि प्रत्येक संध्याकाळी तळाला गेलेली बोट एकच होती. फार वाईट वाटलं त्यांना. इतक्या वर्षांनी वाटून उपयोग नव्हता, तरी वाटलं.

"तुझ्या तोंडावरून कधी काही कळायचंच नाही रे," ते म्हणाले. "मला वाटायचं, ह्याला काही वाटत नाही. मग तुझीच बुडवायचो. एकदा तरी बोलायचंस."

थोरल्याने आता मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आजही त्यावरून काही कळत नव्हतं.

"बोलायचं काय त्यात, बाबा," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझा पत्ताच तसा येतो."